बीडच्या तीन लाटा आणि एक भागाकार

२५ एप्रिल २०२१ च्या रविवारी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून बावीस मृतदेह एकाच रुग्णवाहिकेत एकावर एक रचून स्मशानभूमीकडे नेले गेले. त्याच महिन्याच्या सुरुवातीला या गावात आठ जणांना एकाच चितेवर अग्नी द्यावा लागला होता. बावीस मृतदेहांचे चित्र देशभर पोहोचले आणि एका प्रश्नाचा निकाल तिथेच लागल्यासारखा झाला: दुसऱ्या लाटेतला आजार पहिल्या लाटेतल्या आजारापेक्षा कितीतरी उग्र होता. बीड जिल्ह्यात आज कुणालाही विचारले तरी हेच उत्तर मिळते, आणि ते खोटे आहे असे माझे म्हणणे नाही. पण त्या रुग्णवाहिकेने साक्ष दिली ती वेगळ्याच गोष्टीची. हाताशी दोनच रुग्णवाहिका होत्या, असा खुलासा रुग्णालयाने केला होता. म्हणजे एका दिवसात किती माणसे मेली आणि त्यांना नेण्यासाठी किती वाहने होती, या दोन आकड्यांतली तफावत त्या दिवशी दिसली. आजारी पडलेल्या प्रत्येक माणसाला आजाराने किती खोल गाठले, हा त्याहून वेगळा प्रश्न आहे. रुग्ण चौपट झाले आणि आजाराची तीव्रता तसूभरही वाढली नाही, तरी प्रेते चौपटच होतात. लाटांची तुलना करायची तर हे दोन प्रश्न आधी वेगळे काढावे लागतात. ते वेगळे काढले की बीडचा इतिहास जरा निराळा दिसू लागतो.

राज्याच्या नोंदीपासून सुरुवात करू. फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस महाराष्ट्रात साडेएकवीस लाख रुग्ण आणि ५२ हजार मृत्यू नोंदले गेले होते. भागाकार केला तर शंभर रुग्णांमागे सुमारे २.४ मृत्यू. त्यानंतर जून २०२१ अखेरपर्यंत आणखी ३९ लाख रुग्णांची आणि जवळपास ७० हजार मृत्यूंची भर पडली. म्हणजे शंभरामागे १.८. जानेवारी आणि फेब्रुवारी २०२२ या दोन महिन्यांत सुमारे १२ लाख रुग्ण आणि दोन हजारांच्या आसपास मृत्यू, शंभरामागे ०.२ सुद्धा नाही. हे आकडे जसेच्या तसे घेतले तर निष्कर्ष निघतो, की दुसरी लाट पहिलीपेक्षा सौम्य होती. अंबाजोगाईतल्या कुणालाही हे वाक्य ऐकवून पाहावे! आकडे मात्र सरकारी आहेत आणि गणितात चूक नाही. चूक शोधायची तर छेदात शोधावी लागेल. भागाकारात वर मृत्यू असतात, खाली रुग्ण. आणि ‘रुग्ण’ म्हणून कुणाला मोजले हे तिन्ही लाटांत सारखे नव्हते. बीडसारख्या जिल्ह्यात तर ते महिन्यागणिक बदलत होते.

बीडची पहिली लाट उशिरा आली. एप्रिल २०२० मध्ये आष्टी तालुक्यात एक रुग्ण सापडला. तो अपवाद सोडला तर मे महिन्याच्या मध्यापर्यंत जिल्हा कोरोनामुक्त म्हणून मिरवत होता. सीमेवर नाके, गावाच्या वेशीवर काटेरी बोराटी, आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या आवारात अडकून पडलेले ऊसतोड मजूर. राज्यात असे सव्वा लाखाहून अधिक मजूर कारखान्यांच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत होते, त्यांतले बरेचसे बीडचे. १७ एप्रिलला राज्य सरकारने त्यांना तपासणी करून गावी जाऊ देण्याचा निर्णय घेतला. मजूर परतले, मग मुंबई-पुण्याहून चाकरमानी परतले, आणि मेच्या मध्यानंतर रुग्ण सापडू लागले. याच सुमारास, मे आणि जून २०२० मध्ये, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, देशातल्या सत्तर जिल्ह्यांत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी केली. महाराष्ट्रातून निवडलेल्या सहा जिल्ह्यांत बीड होते, आणि इथे प्रौढांमध्ये सुमारे एक टक्का लोकांच्या रक्तात विषाणूची खूण सापडली. जिल्ह्यात नोंदलेले रुग्ण तेव्हा शंभराच्या आत होते. प्रौढ लोकसंख्या पंधरा लाखांहून अधिक धरली तर एक टक्का म्हणजे पंधरा हजार माणसे. इतक्या लहान नमुन्यात चाचणीच्या चुकीचा वाटा मोठा असतो, त्यामुळे बीडच्या या एका आकड्यावर फार भिस्त ठेवू नये. पण ऑगस्टमधल्या दुसऱ्या फेरीनंतर परिषदेने देशासाठी जो अंदाज दिला, तो या शंकेपलीकडचा होता: नोंदलेल्या एका रुग्णामागे २६ ते ३२ संसर्ग. छेदाचा मोठा भाग कागदावर कधी आलाच नाही.

जो कागदावर आला तो कोण होता, हेही पाहायला हवे. ७ एप्रिल २०२० च्या केंद्रीय सूचनांनुसार रुग्णांसाठी तीन पायऱ्या होत्या. सौम्यांसाठी कोविड केअर सेंटर, मध्यमांसाठी आरोग्य केंद्र, गंभीरांसाठी समर्पित रुग्णालय. सुरुवातीच्या महिन्यांत चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली की माणूस घरातून उचलला जाई, मग त्याला साधा खोकलाही नसो. वसतिगृहे, शाळा, मंगल कार्यालये भरली ती अशा धडधाकट ‘रुग्णां’नी. ऑगस्टमध्ये बीड, परळी, माजलगाव, अंबाजोगाई अशा बाजारपेठांत व्यापाऱ्यांच्या अँटिजेन चाचण्या झाल्या, त्यांतही दुकानात उभी असलेली हिंडती-फिरती माणसे बाधित निघाली. १५ सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई घरोघर थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर घेऊन फिरल्या. बोटाला लावलेल्या त्या चिमट्यात आकडा ९४ च्या खाली दिसला तर माणसाला दम लागण्याआधीच दवाखान्यात पाठवता येई. पहिल्या लाटेतला ‘सरासरी रुग्ण’ सौम्य दिसतो, त्याचे एक कारण विषाणूत असेल. पण दुसरे, मोठे कारण असे की सौम्य माणसांना शोधून, मोजून, खाटेवर आणून बसवण्याची यंत्रणा तेव्हा चालू होती आणि तिला पुरेल इतकेच काम होते.

मार्च २०२१ नंतर हे सगळे उलटे झाले. जिल्ह्याच्या नोंदीत फेब्रुवारी अखेरपर्यंत जमा झालेले रुग्ण वीस हजारांच्या आसपास होते. महामारी ओसरेपर्यंत हा आकडा लाखावर गेला आणि मृत्यू अडीच हजारांच्या पुढे. म्हणजे बहुतांश आजार काही महिन्यांच्या पट्ट्यात आला. लोखंडी सावरगावची नवी इमारत कोविड रुग्णालय म्हणून चालू होतीच; ‘स्वाराती’त, म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाच्या रुग्णालयात, खाटा वाढवल्या गेल्या; परळीच्या औष्णिक वीज केंद्रातला प्राणवायू निर्मितीचा संच उचलून अंबाजोगाईला आणून बसवावा लागला. घरी विलगीकरणाची मुभा मिळाली होती, त्यामुळे सौम्य रुग्ण रुग्णालयाच्या वहीत आता येत नव्हते. आणि गावात जो ताप येत होता तो आधी गावातल्याच डॉक्टरकडे जात होता. टायफॉइड निघाला म्हणून सलाइन, दोन दिवस गोळ्या, पाचव्या-सहाव्या दिवशी तालुक्याला सीटी स्कॅन, आणि मग ‘स्कोअर किती आला’ हा त्या उन्हाळ्यात मराठवाड्यात सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न. पंचवीसपैकी अठरा आला की गाडी अंबाजोगाईकडे, बीडकडे, नाहीतर लातूरकडे. खाट मिळेपर्यंत आणखी एक दिवस. याचा अर्थ असा, की एप्रिल २०२१ मध्ये रुग्णालयाच्या दारात जो माणूस पोहोचला, तो सप्टेंबर २०२० मध्ये पोहोचलेल्या माणसापेक्षा आजाराच्या पुढच्या टप्प्यावर होता. दोघांची दारातली प्राणवायूची पातळी शेजारी मांडून ‘आजार उग्र झाला’ म्हणणे, म्हणजे कणीस भरल्यावरच्या पिकाची तुलना पोटरीतल्या पिकाशी करण्यासारखे आहे.

स्कोअरचीही एक गंमत आहे, गंमत म्हणावी तर. पहिल्या लाटेत जिल्ह्यात छातीचे सीटी स्कॅन तुलनेने थोड्यांचे झाले. दुसऱ्या लाटेत ज्याला परवडेल त्याने केले, काहींनी दोनदा केले. मे २०२१ च्या सुरुवातीला एम्सचे संचालक रणदीप गुलेरिया यांना जाहीरपणे सांगावे लागले की सौम्य आजारात सीटी करू नका, लक्षणे नसलेल्यांच्या फुप्फुसांतही डाग दिसतात आणि ते आपोआप जातात. मोजपट्टीच बदलली तर लांबी वाढली की पट्टी, हे कळायला मार्ग उरत नाही. तीव्रतेची केंद्राची व्याख्या मात्र साधी होती: प्राणवायू ९० ते ९३ टक्के किंवा श्वास मिनिटाला चोवीस वा त्याहून जास्त म्हणजे मध्यम, ९० च्या खाली किंवा श्वास तिसाच्या वर म्हणजे गंभीर. या दोन आकड्यांना ना स्कॅन लागतो, ना शहर. दोन लाटांची तुलना प्रामाणिकपणे करायची तर ती केसपेपरच्या पहिल्या पानावरच्या या आकड्यांवर, वय आणि लक्षणांचा दिवस सारखा ठेवून करायला हवी. शिवाय केसपेपर कुठल्या रुग्णालयातला हेही पाहायला हवे. आष्टी, पाटोद्याचा रुग्ण अंबाजोगाईला जात नाही, तो नगरला जातो. गेवराईकराला औरंगाबाद जवळ पडते. केज, धारूर, परळी यांचा ओढा अंबाजोगाईकडे. एकट्या ‘स्वाराती’ची वही म्हणजे बीड जिल्हा नव्हे, आणि जिल्ह्याच्या मृत्यूंची यादी म्हणजे जिल्ह्यातल्या रुग्णालयांत झालेले मृत्यूही नव्हेत.

असा नीट केलेला हिशेब देशपातळीवर एक आहे, आणि तो दोनदा वाचण्याजोगा आहे. निवडक रुग्णालयांतून दाखल रुग्णांची माहिती गोळा करणारी एक राष्ट्रीय नोंदवही आयसीएमआरने चालवली. १९ एप्रिल २०२१ ला परिषदेचे महासंचालक बलराम भार्गव यांनी त्यातले प्राथमिक आकडे सांगितले: दुसऱ्या लाटेत धाप लागणाऱ्यांचे आणि प्राणवायू लागणाऱ्यांचे प्रमाण जास्त दिसते, पण मृत्यूच्या टक्केवारीत फरक नाही. त्या दिवशी हे विधान आकड्यांशी प्रामाणिक होते. काही महिन्यांनी तीच नोंदवही पूर्ण होऊन प्रसिद्ध झाली, जवळपास १९ हजार रुग्णांची, आणि चित्र बदलले. प्राणवायू लागलेले ४२.७ टक्क्यांवरून ५०.३ टक्क्यांवर, कृत्रिम श्वसनयंत्रावर गेलेले ११.१ वरून १५.९ वर, आणि मृत्यू १०.२ वरून १३.३ टक्क्यांवर. एप्रिलच्या मध्यात दुसऱ्या लाटेचे बरेच रुग्ण अजून खाटेवर होते. त्यांचा शेवट ठरायचा होता. लाट चढत असताना केलेली तुलना नेहमीच चढत्या लाटेला झुकते माप देते, कारण संसर्ग आज मोजला जातो आणि मृत्यू दोन-तीन आठवड्यांनी. दुसऱ्या लाटेतल्या गाफीलपणाचे सगळे खापर या एका वाक्यावर फोडणे अन्यायाचे होईल. पण लाटेच्या पोटात असताना ‘फरक नाही’ असे म्हणण्याइतका पुरावा कुणाकडेच नसतो, हे या प्रकरणाने दाखवले.

१०.२ आणि १३.३ यांतल्या तीन टक्क्यांकडे आणखी एका बाजूने पाहता येते. पहिल्या लाटेच्या सुरुवातीपासून दुसऱ्या लाटेपर्यंत उपचार सुधारले होते. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवून दिले की डेक्सामेथासोन हे स्वस्त, प्रत्येक तालुक्याच्या औषध दुकानात मिळणारे स्टेरॉइड श्वसनयंत्रावरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने आणि प्राणवायूवरच्या रुग्णांचे एक पंचमांशाने कमी करते. पहिल्या लाटेच्या सुरुवातीला हे ज्ञान नव्हते. दुसऱ्या लाटेत ते सर्वत्र होते. म्हणजे आजार तेवढाच राहिला असता तर दाखल रुग्णांतले मृत्यू कमी व्हायला हवे होते. ते कमी न होता वाढले, म्हणून खरी दरी तीन टक्क्यांहून मोठी असू शकते. यावर कुणी म्हणेल, तेच स्टेरॉइड दुसऱ्या लाटेत घरच्या घरी, दुसऱ्याच दिवसापासून, मधुमेह न पाहता दिले गेले, आणि म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराचा वेगळा कक्ष अंबाजोगाईत उघडावा लागला, त्याचे काय? आक्षेप रास्त आहे. औषध माहीत असणे आणि योग्य माणसाला योग्य दिवशी मिळणे यात अंतर असते, आणि रेमडेसिविरच्या रांगांत उभ्या असलेल्या नातेवाइकांनी ते अंतर अनुभवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत ऑक्टोबर २०२० मध्येच या इंजेक्शनाने मृत्यू कमी होत नसल्याचे दिसले होते. तरी २०२१ च्या एप्रिलमध्ये जीव वाचवणारे औषध म्हणून लोकांनी त्याचाच शोध घेतला.

आता मुख्य आक्षेपाकडे. हे सगळे छेदाचे, दाराचे, उशिराचे खेळ सोडा. दुसऱ्या लाटेतला डेल्टा हा विषाणूप्रकारच जास्त घातक होता, मग बीडचा माणूस उशिरा पोहोचला की लवकर, याने काय फरक पडतो? डेल्टाची उग्रता मी नाकारत नाही. तिचा भक्कम पुरावा आपल्याकडे नसला तरी स्कॉटलंड आणि इंग्लंडमध्ये आहे. तिथे खाटा संपल्या नव्हत्या, रुग्णांचा विषाणूप्रकार मोठ्या प्रमाणावर तपासला जात होता, आणि वय, लस, जुने आजार सारखे ठेवूनही डेल्टाच्या रुग्णाला रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याची शक्यता आधीच्या अल्फा या प्रकाराच्या तुलनेत दुपटीच्या आसपास निघाली. तेव्हा विषाणूचा वाटा खरा आहे. पण तो मान्य केल्यावर बीडचा प्रश्न सुटत नाही, तो अधिक टोकदार होतो. तोच डेल्टा इंग्लंडमध्ये २०२१ च्या उन्हाळ्यात पसरला तेव्हा मृत्यू आधीच्या हिवाळ्याच्या मानाने फार कमी राहिले, कारण म्हातारी माणसे लस घेऊन बसली होती. आपल्याकडे साठीच्या पुढच्यांसाठी लस १ मार्चला, पंचेचाळिशीच्या पुढच्यांसाठी १ एप्रिलला उघडली, म्हणजे लाट अंगावर आल्यावर. विषाणू तोच असला तरी तो कुणाला, कधी आणि रुग्णालयापासून किती अंतरावर गाठतो, यावर परिणाम ठरला. लाटेची ‘तीव्रता’ म्हणून जो एकच आकडा आपण बोलतो त्यात या सगळ्यांचा गुणाकार असतो. त्यातला विषाणूचा भाग वेगळा काढता येतो, पण जिथे दार रुंद आहे तिथल्या आकड्यांवरूनच. बीडच्या आकड्यांवरून तो काढू गेलो तर गरिबीचा दोष विषाणूच्या नावे लिहिला जाईल.

‘दुसऱ्या लाटेने तरुण नेले’ या समजुतीचेही असेच आहे. आयसीएमआरच्या नोंदवहीत दाखल रुग्णांचे सरासरी वय पहिल्या लाटेत ५०.८ आणि दुसऱ्या लाटेत ४८.७ वर्षे. दोन वर्षांचा फरक आहे, पण पिढी बदलल्यासारखा नाही. मग घरोघरच्या आठवणीत तिशी-चाळिशीतली माणसे एवढी का? कारण प्रमाण तेवढेच राहिले तरी एकूण संख्या कित्येक पटींनी वाढली, आणि गावात तरुणाचा एक मृत्यूही दहा म्हाताऱ्यांच्या मृत्यूंपेक्षा जास्त लक्षात राहतो. कर्ता माणूस गेलेल्या घराचे दुःख खोटे आहे असे कोण म्हणेल? पण त्यावरून विषाणूची नजर तरुणांकडे वळली होती असा निष्कर्ष काढला, तर पुढच्या वेळी आपण म्हाताऱ्यांना वाचवायला विसरू.

रुग्णालयाच्या वहीवर विश्वास ठेवायचा नाही, तर ठेवायचा कशावर? माझ्या मते सर्वांत कमी फसवणारी नोंद ग्रामसेवकाची आणि नगरपालिकेची: माणूस मेला, एवढीच. कशाने मेला हे तिला ठरवावे लागत नाही. महाराष्ट्रात २०१९ मध्ये सुमारे ६ लाख ९३ हजार मृत्यू नोंदले गेले, २०२० मध्ये सुमारे ८ लाख ८ हजार. ही सुमारे एक लाख पंधरा हजारांची वाढ. त्या वर्षीचे अधिकृत कोविड मृत्यू ५० हजारांच्या आत. म्हणजे जी पहिली लाट आपण ‘बरी होती’ म्हणून आठवतो, तिच्यातही नोंदीपेक्षा कितीतरी जास्त माणसे गेली होती. देशात २०२० मध्ये सुमारे ८१ लाख मृत्यू नोंदले गेले, २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. एका वर्षात एकवीस लाखांची वाढ, आणि त्या वर्षीचे अधिकृत कोविड मृत्यू तीन लाखांच्या थोडे वर. नोंदणी सुधारल्याने आकडा काही प्रमाणात वाढतो, टाळेबंदीत अपघाती मृत्यू घटतात, इतर आजारांचे रुग्ण उपचाराअभावी दगावतात. हे सारे धरूनही ही वाढ दुसऱ्या कशाने समजावता येत नाही. जून २०२१ मध्ये राज्य सरकारने हजारो जुने मृत्यू नव्याने हिशेबात घेतले तेव्हा या तफावतीची थोडी कबुली मिळाली. देशाचा २०२१ चा मृत्यू नोंदणी अहवाल मात्र मे २०२५ मध्ये बाहेर आला. राज्याच्या आकड्यांत दुसरी लाट १.८ टक्के मृत्युदराची, म्हणजे पहिलीपेक्षा सौम्य दिसली होती, ती का, याचे उत्तर इथे आहे. चाचण्या वाढल्याने छेद फुगला, आणि अंशातले कित्येक मृत्यू घरातच, चाचणीविना, ‘टायफॉइड’च्या नावाने संपले.

शंभर वर्षांपूर्वीचे उदाहरण या चर्चेत नेहमी येते, आणि बहुतेक वेळा चुकीच्या कारणासाठी. १९१८ च्या जूनमध्ये इन्फ्लुएंझा मुंबईच्या गोदीतून शहरात शिरला. पहिली लाट सौम्य मानली गेली. तिच्या सर्वांत वाईट दिवशी, ३ जुलैला, शहरात २३० मृत्यू झाले. सप्टेंबरात ती परत आली आणि ६ ऑक्टोबरच्या एका दिवसात ७६८ माणसे गेली. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते, अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद होते. त्या राज्यात मृत्यूंची नोंदणी इतकी तोकडी होती की लाटांची तुलना सोडाच, एकूण संहारही जनगणनेवरूनच ताडावा लागतो: हैदराबाद राज्याची लोकसंख्या १९११ मध्ये १ कोटी ३३ लाख होती, १९२१ मध्ये ती १ कोटी २४ लाख झाली. ब्रिटिश मुलखातही खेड्यातला मृत्यू बहुधा ‘ताप’ या एकाच सदराखाली जाई. २०२१ च्या टायफॉइडची आठवण व्हावी असे हे सदर. या इतिहासातून अनेकांनी एक नियम काढला, की महामारीची दुसरी लाट जीवघेणी असते आणि तिसरीत विषाणू मवाळ होतो. १९१८ ची दुसरी लाट मात्र पाऊस दगा देऊन गेलेल्या, धान्य महागलेल्या, उपाशी मुलखावर आली होती. त्या संहारात विषाणूचा वाटा किती आणि दुष्काळाचा किती, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. एका अर्धवट मोजलेल्या घटनेवरून निसर्गनियम काढता येत नाही. विषाणूवर मवाळ होण्याची सक्ती नसते. डेल्टाने तर उलटेच केले.

तिसरी लाट म्हणूनच बारकाईने पाहण्यासारखी आहे. ओमायक्रॉनचा राज्यातला पहिला रुग्ण डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला डोंबिवलीत सापडला आणि जानेवारीत लाट आली. लोकांनी तिला सर्दी म्हटले. इथे पुन्हा दाराची गोष्ट: या वेळी रुग्णालयात कोविडचे म्हणून मोजलेले बरेच जण बाळंतपणासाठी, मोडलेल्या हाडासाठी, शस्त्रक्रियेसाठी आले होते आणि दाखल करताना केलेल्या चाचणीत बाधित निघाले. त्यांनी सरासरी आणखी खाली खेचली. तरीही गंभीर रुग्ण खरोखरच कमी होते, हे खाटा आणि प्राणवायूच्या मागणीवरून निर्विवाद दिसते. मात्र याचे श्रेय विषाणूच्या सौम्यपणाला देणाऱ्यांनी त्याच सुमाराचे हाँगकाँग पाहावे. फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये तिथे हाच ओमायक्रॉन पोहोचला. आधीच्या दोन वर्षांत तिथे संसर्ग फारसा झाला नव्हता आणि वयोवृद्धांनी लस टाळली होती. लोकसंख्येच्या मानाने जगातल्या सर्वाधिक मृत्युदरांपैकी एक तिथे नोंदला गेला, आणि मेलेले बहुसंख्य लस न घेतलेले म्हातारे होते. बीड आणि हाँगकाँग यांत विषाणूचा फरक नव्हता. इथल्या माणसांच्या रक्तात मागच्या उन्हाळ्याचा हिशेब होता: जून-जुलै २०२१ च्या चौथ्या पाहणीत महाराष्ट्रात सुमारे ५८ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडे सापडली होती. लसीचा वाटाही होता, पण मराठवाड्यात तो फुगवून सांगू नये. नोव्हेंबर २०२१ च्या सुरुवातीला पंतप्रधानांनी पहिला डोस निम्म्यांनाही न मिळालेल्या जिल्ह्यांची बैठक घेतली, तिच्या यादीत मराठवाड्यातले औरंगाबाद, हिंगोली आणि नांदेड होते. या भागाला तिसऱ्या लाटेत जे संरक्षण मिळाले, त्यातले बरेचसे दुसऱ्या लाटेत जीव देऊन कमावलेले होते.

बीडच्या बाबतीत आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी लागते, आणि ती देशाच्या कुठल्याच नोंदवहीत सापडणार नाही. या जिल्ह्याचा छेद स्वतःच हलता आहे. दिवाळीनंतर काही लाख माणसे कोयते घेऊन सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नगर आणि कर्नाटकातल्या उसाच्या फडांवर जातात आणि एप्रिल-मेमध्ये परततात. पहिली लाट सप्टेंबरमध्ये ऐन भरात आली, तेव्हा ही माणसे गावात होती. दुसरी नेमकी त्यांच्या परतीच्या दिवसांत आली. कित्येक जण फडावर लागलेला ताप घेऊनच ट्रॅक्टरमधून उतरले. तिसरी जानेवारीत आली तेव्हा ही माणसे जिल्ह्याबाहेर होती. कोपीवर, म्हणजे फडावरच्या झोपडीत, आलेल्या तापाची नोंद बीडच्या वहीत होत नाही, बहुधा कुठल्याच वहीत होत नाही. म्हणजे जानेवारी २०२२ च्या बीडच्या नोंदीत कष्टकरी तरुण कमी आणि मागे राहिलेले म्हातारे-कोतारे जास्त होते. वयाचा विचार केला तर या लाटेत मृत्यूंचे प्रमाण वाढलेले दिसायला हवे होते, आणि ते दिसले नाही. त्या म्हाताऱ्यांमध्ये मार्च २०२१ पासून लस मिळालेले होते, डेल्टातून उठलेले होते, आणि जे यांतल्या कशातच नव्हते त्यांच्यापैकी अनेक जण आदल्या एप्रिलमध्येच गेले होते.